एका हाताने उघडणारा चाकू

"बर्फ मिळेल का इथं कुठं?" अण्णांनी विचारलं.

मुर्तुजाभाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. पुण्याच्या बोहरी आळीत त्यांचं हत्यारांचं दुकान होतं, अरुंद आणि आत लांबवर गेलेलं. छताला करवती टांगलेल्या, भिंतीवर पाने आणि पकडी. काउंटरवर त्यांनी एक हिरवं कापड अंथरलं होतं आणि त्यावर मिटायचे चाकू मांडले होते. अण्णांनी सांगितलं होतं तसे, प्रत्येक कारखान्याचा एकेक.

"बर्फ? चक्कर येते का साहेब? बसा. पाणी मागवतो."

"पाणीही लागेल. बादलीभर. बर्फ त्यात टाकायला."

मुर्तुजाभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. बर्फ कशाला हवाय ते मला ठाऊक होतं. आमच्या कराडच्या घरी, मागच्या अंगणात, कित्येक महिने हेच चाललं होतं. आईने मला इचलकरंजीहून बोलावून घेतलं होतं ते त्यासाठीच. "नंदा, तू जा त्यांच्याबरोबर पुण्याला," ती फोनवर म्हणाली होती. "आता आणखी चाकू घरात आणू देऊ नकोस. दुपारभर मागून खटखट ऐकू येते. मला भाजी चिरायची भीती वाटायला लागलीय गं."

मुर्तुजाभाई मात्र भले. समोरच्या कोल्ड्रिंकवाल्याला त्यांनी हाक मारली आणि बर्फ सांगितला. मग परत येऊन अण्णांच्या समोर उभे राहिले.

"काम काय आहे ते सांगा, म्हणजे तसा देतो. फळं कापायला? बागेत कलमं बांधायला?"

"आधी बघू तर द्या," अण्णा म्हणाले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचे. सगळी हयात लोखंडाशी गेलेली. हत्यार हातात घेतलं की त्यांचा चेहरा बदलायचा, आवाजसुद्धा. त्या दिवशीही तो बदलला. त्यांनी पहिला चाकू उचलला, लाल मुठीचा, स्विस. त्यात कात्री, बूच काढायचा स्क्रू, दात कोरायची काडीसुद्धा होती.

"ह्यात सगळं आहे," ते म्हणाले, "आणि नेमका चाकू बाहेर काढायचा तर नख लागतं. हे बघा, पात्यावर खाच दिलीय नखासाठी. एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताच्या नखाने ओढायचा. दोन हात लागतात."

"सगळ्यांना लागतात साहेब."

"सगळ्यांना नाही." त्यांनी तो बाजूला ठेवला. दुसरा जर्मन होता, काळ्या मुठीचा. अण्णांनी पातं उघडलं, कानाजवळ नेलं आणि नखाने टिचकी मारली. आवाज लांबेपर्यंत घुमला. "पोलाद उत्तम. धार महिनाभर हलायची नाही. पण ह्यालाही खाच." तिसरा फ्रेंच, लाकडी मुठीचा. त्याला मुठीशी पितळी कडं होतं, ते फिरवलं की पातं जागच्या जागी घट्ट बसायचं. "हे चांगलं केलंय," अण्णा म्हणाले. "बोटांवर मिटत नाही. पण कडं फिरवायला परत दुसरा हात." चौथा आपल्याकडचा, पितळी मुठीचा, बाजारात कुठंही मिळतो तसला. त्यांनी उघडून पाहिला आणि लगेच ठेवून दिला.

"खटक्याचा नाही का?"

"रामपुरीसारखा? नाही ठेवत. पोलीस डोक्याला ताप करतात."

पाचवा चाकू चिनी होता. निळसर, हलका, आणि पात्याला वर एक गोल भोक. अण्णांनी त्याला हात लावला नाही. त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

तेवढ्यात दिगू आला.

दिगू म्हणजे दिगंबर शेवाळे. माझा धाकटा भाऊ सुहास आणि तो पहिलीपासून एका बाकावर बसलेले. आयटीआयला तो अण्णांचाच विद्यार्थी, आणि आता भोसरीला एका कारखान्यात लेथवर होता. सुहासला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि त्या सगळ्या काळात दिगू आमच्या घराची पायरी चढला नव्हता. अण्णांनी त्याला कारखान्यात फोन करून बोलावलं होतं, हे मला एसटीत बसल्यावर कळलं.  ह्या माणसाला त्या पोराकडून काय काढून घ्यायचंय, असं वाटलं होतं.

"सर," दिगू दारातूनच म्हणाला. मला पाहून थोडा दचकला. "ताई, तुम्हीपण?"

"ये," अण्णा म्हणाले. "जेवलास?"

"हो सर."

"मग ये असा. जवळ ये."

बर्फाचा खडा आला. मुर्तुजाभाईंनी मागून प्लॅस्टिकची बादली आणली, पाणी ओतलं, बर्फ फोडून टाकला. अण्णांनी सदऱ्याची डावी बाही वर केली आणि हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला. उजव्या हाताने खिशातून सुती दोराचा तुकडा काढून माझ्याकडे दिला. "त्या खांबाला बांध, नंदा. उंचावर."

"अण्णा, इथं नको ना. लोक बघतात."

"बांध."

मी बांधला. अण्णांनी त्या दोराचं दुसरं टोक उजव्या हातात घेतलं आणि तो हात कमरेच्या मागे नेऊन घट्ट धरला. एक हात पाठीमागे दोराला, दुसरा बर्फाच्या पाण्यात, असा साठीचा माणूस भर दुपारी दुकानात उभा. रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले. मुर्तुजाभाई काही विचारायच्या बेतात होते, पण दिगूचा चेहरा पाहून गप्प झाले. दिगू पांढराफटक पडला होता.

त्याला कळलं होतं. ती पोझ त्याचीच होती.

आदल्या जानेवारीत सुहास, दिगू आणि गावातली आणखी दोन पोरं एका सुळक्यावर चढायला गेली होती. चढून झालं. उतरताना सुहास पहिला दोराने खाली निघाला. थंडी होती म्हणून त्याने गळ्यात मफलर गुंडाळलेला. दोर ज्या लोखंडी कडीतून सरकतो, त्या कडीत मफलरचं टोक ओढलं गेलं. खाली पाय टेकायला आधार नव्हता, कडा आत वळलेला होता. तो अधांतरी लटकला. अंगाचा सगळा भार कडीवर, आणि कडीने मफलर ओढलेला. जितकी धडपड करावी तितका फास घट्ट. वरून दिगू दुसऱ्या दोराने त्याच्यापाशी उतरला. त्याला स्वतःला तिथं थांबून राहायचं तर उजवा हात कमरेमागे दोरावर धरून ठेवणं भाग होतं. तो सोडला की तोच खाली. म्हणजे मोकळा फक्त डावा हात, आणि तोही गारठलेला. सुहासच्या कमरेला चाकू होता, नवाकोरा. दिगूने तो काढला. आणि तो उघडला नाही. एका हाताने उघडणारा तो चाकूच नव्हता. दिगूने पात्याच्या खाचेत दात घालून ओढला. पुढचा दात अर्धा तुटला. चाकू हातातून सुटून दरीत पडला, आणि तोवर सुहास गेला.

पोलिसांना दिगूने हेच सांगितलं होतं, आम्हालाही. तेव्हापासून तो बोलताना तोंडावर हात धरायचा.

अण्णांनी हात पाण्यातून काढला. लाल झाला होता. त्यांनी लाल मुठीचा उचलला, तळहातात फिरवला, अंगठ्याने पातं ढकलून पाहिलं. हलेना. जर्मन. हलेना, बोटं नुसती घसरत होती. तिसरा हातातून सुटून काउंटरवर पडला. पुन्हा हात पाण्यात, पुन्हा बाहेर. चिनी चाकूला त्यांनी अजूनही हात लावला नव्हता.

"आता तू," ते दिगूला म्हणाले.

"सर, नको."

"मी म्हातारा आहे. माझ्या हाताचं काही खरं नाही. तुझा हात बघायचाय मला."

"अण्णा, पुरे करा," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "काय केलंय त्याने? त्याला का छळताय?"

"मी त्याला छळत नाहीये." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दिगू, बाळा, एकदाच. माझ्यासाठी."

दिगूने दोराचं टोक घेतलं. हात मागे नेला. डावा हात बर्फात घातला आणि डोळे मिटले.  बाहेर एक हातगाडीवाला ओरडत गेला. मग अण्णांनी त्याचा हात स्वतः पाण्यातून वर काढला, आणि त्याच्या तळव्यावर तो निळसर चिनी चाकू ठेवला.

"त्या भोकात अंगठा घाल. आणि वर ढकल."

खट्.

पातं उघडलं होतं. गारठलेल्या बोटांनीसुद्धा पहिल्याच झटक्यात उघडलं होतं.

"उघडला," अण्णा म्हणाले. मग पुन्हा, हळू, "उघडला."

मुर्तुजाभाईंचा चेहरा एकदम उजळला. इतका वेळ ते अण्णांकडे आठवल्यासारखं बघत होते. "आता ओळखलं साहेब तुम्हाला! ती टिचकी मारलीत ना पात्यावर, तेव्हाच वाटत होतं, ह्यांना कुठं तरी पाहिलंय. तुम्ही बारीक झालात, म्हणून आधी ध्यानात आलं नाही. मागच्याच्या आदल्या दिवाळीच्या सुमाराला आला होतात ना? तुमच्या पोराबरोबर? उंच पोरगा, हसरा. तो हाच मागत होता! मी पण म्हटलं, द्या ना साहेब, पोराला आवडलाय. तर तुम्ही म्हणालात…"

"माहितीय मला मी काय म्हणालो."

"तुम्ही म्हणालात, एका हाताने उघडतो तो एका हातात मिटतोही. बोटं जातील. पात्याची खीळ बघ किती ढिली, पोलाद बघ, पत्रा आहे पत्रा. आणि तो शिंगाच्या मुठीचा घेतलात, दोन नंबरच्या फळीवरचा. लई भारी वस्तू होती ती. पोराला तासभर समजावलंत. आणि पोरगा काय म्हणाला, अण्णा, तुम्ही म्हणाल तो." ते हसले. "आहे का अजून तो चाकू? पोरगा काय करतो सध्या?"

मी पुढे झाले, पण माझ्याआधी दिगूनेच सांगितलं. "तो वारला, शेठ."

मुर्तुजाभाईंचा हात कपाळाकडे गेला. ते काहीतरी पुटपुटले, त्यांच्या प्रार्थनेतलं असावं. मग त्यांनी तिथला एकुलतं एक स्टूल ओढून अण्णांच्या मागे ठेवला. अण्णा बसले. 

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. सुहासला हवा होता तो नाकारून अण्णांनी दुसरा निवडून दिला होता, ह्याची आम्हाला कल्पना नव्हती. सुहासने "अण्णांनी घेऊन दिला" एवढंच सांगितलं होतं, आणि किती कौतुकाने. वर्षभर मी समजत होते की अण्णा दिगूचं सांगणं तपासून बघतायत, चाकू उघडत कसा नाही म्हणून. आई तसंच समजत होती. अण्णांनी आम्हाला ते समजू दिलं होतं.

"त्याने हाच मागितला होता," अण्णा दिगूला म्हणाले. ते त्याच्याकडे खालून बघत होते, विद्यार्थी मास्तरांकडे बघतो तसे. "मी घेऊ दिला नाही. मला पोलाद बघायचं होतं. खीळ बघायची होती. तू उगीच वर्षभर तोंड लपवून फिरतोस. तुझा हात चालला असता. चाकूच मी बंद दिला होता."

दिगूने हातातला चाकू काउंटरवर ठेवला. त्याने तोंडावर हात धरला नाही.

"सर, तो चाकू उघडला होता."

अण्णांनी मान वर केली.

"तुम्ही दिलेला. उघडला होता सर तो. मी तेव्हा खोटं सांगितलं. उघडला होता, पण…"

अण्णा उठले. इतक्या चटकन उठले की स्टूल कलंडलं. त्यांनी आपला तो बर्फासारखा गार हात दिगूच्या मानेवर ठेवला आणि त्याला जवळ ओढलं.

"पुरे," ते म्हणाले. "पुरे, बाळा. बरं केलंस सांगितलंस."

"सर, ऐकून तरी घ्या…"

"ऐकलं ना मी. उघडला होता. झालं तर मग. आता ह्यावर बोलायचं नाही."

"पण सर…"

"नाही म्हणतोय ना!" अण्णा ओरडले, आणि लगेच आवाज खाली आणला. "चल. चहा घेऊ. शेठ, तुम्हाला फार त्रास दिला. माफ करा."

मुर्तुजाभाईंनी दोन्ही हात जोडले. आम्ही काहीच विकत घेतलं नाही.

परतीच्या एसटीत कात्रजचा घाट चढेपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "खोटं बोलला पोरगा."

"कळलं मला," मी म्हणाले.

"चाकू उघडला असता तर दात कशाला तुटला असता? मला बरं वाटावं म्हणून बोलला. शिकवलेलं पोर आहे माझं, त्याला नीट खोटंसुद्धा बोलता येत नाही. 'पण' म्हणाला आणि अडकला. पुढं काय जोडावं ते सुचेना बिचाऱ्याला." त्यांनी डोळे पुसले. "म्हणून थांबवला. आणखी किती खोटं बोलायला लावायचं त्याला माझ्यापायी?"

मी त्यांचा हात हातात घेतला. अजून गारच होता.

त्या दिवसापासून अंगणातली खटखट बंद झाली. ड्रॉवरभर जमलेले चाकू अण्णांनी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये नेले, पाती काढून भंगारात टाकली. आईला वाटलं, माणूस सावरला. मलाही वाटलं. सुहासच्या वर्षश्राद्धाला दिगू आला, आणि मग दरवर्षी येत राहिला. त्याला पाहिलं की अण्णांना बरं वाटायचं. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी बघायला अण्णाच गेले होते. फक्त एक होतं. दिगूने "सर, त्या दिवशीचं…" असं काही काढलं, की अण्णा उठायचेच. "चल, झाडांना पाणी घालू." कधी कधी तो तसाच बसून राहायचा आणि अण्णा एकटेच पाइप घेऊन अंगणात उभे असायचे.

मग बऱ्याच वर्षांनी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी रजा काढून कराडला येऊन राहिले. ते दिवसभर छताकडे बघत पडून असायचे. पण डावा हात चालू होता. त्या हाताचा अंगठा चादरीवर सारखा हलायचा, पुढे सरकायचा आणि वर उचलायचा, पुढे सरकायचा आणि वर उचलायचा. डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात होतं असं, त्याला अर्थ नसतो. आई तो अंगठा आपल्या मुठीत धरून बसायची. तिने सोडला की तो पुन्हा सुरू. जायच्या दिवशी सकाळपर्यंत तो चालू होता.

तेराव्याला दिगू आला. बायकोला आणि मुलीला घेऊन आला. पंगती उठल्यावर मी मागच्या अंगणात भांडी विसळायला टाकत होते, तर तो शेवग्याखाली एकटाच उभा होता. आता केस पिकायला लागले होते. दात त्याने केव्हाच बसवून घेतला होता.

"नंदाताई," तो म्हणाला, "एक सांगायचं होतं. सरांना सांगायचं राहिलं."

मी हात पुसले.

"पुण्यात त्या दुकानात मी सांगत होतो, सरांनी सांगू दिलं नाही. नंतर कितीदा प्रयत्न केला. ते ऐकूनच घेईनात."

"चाकूचं?"

"हो. तो उघडला होता, ताई."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, हा अजून तेच धरून बसलाय. आता कोणासाठी बोलतोय हे?

"दात तुटला, पण पातं बाहेर आलं. उघडा चाकू माझ्या हातात होता." तो जमिनीकडे बघून बोलत होता, आवाज अगदी सपाट. "मफलर आणि दोर असे एकमेकांत पिळले गेले होते. दोन्ही ताणलेले. पातं कुठं टेकवावं कळेना. मफलरला लावलं आणि घसरून दोराला लागलं तर? ताणलेला दोर पात्याने नुसता शिवला तरी तुटतो. तो खाली गेला असता. माझ्या हाताने गेला असता. मी लावायचो आणि मागे घ्यायचो. लावायचो आणि मागे घ्यायचो."

"आणि सुहास?"

"जिवंत होता."

घरातून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. कोणीतरी पातेलं आपटलं.

"माझ्याकडे बघत होता, ताई. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी सांगत होता, काप. काप म्हणून. मी कापू शकलो नाही. हात चालत होता माझा, चाकू चालत होता. मीच चाललो नाही. मग त्याचे डोळे फिरले. आणि चाकू मी सोडून दिला. पडला नाही तो. मी सोडला. वर दोघं होते, त्यांना काही दिसलं नाही. खाली येऊन मी सांगितलं, उघडलाच नाही म्हणून." त्याने तोंडावर हात धरला, जुन्या सवयीने. "सरांनी त्या दिवशी दुकानात मला जवळ घेतलं, तेव्हा मला वाटलं, ह्यांना सगळं उमगलं आणि तरी जवळ घेतलं. घरी गेल्यावर वाटलं, नाही, उमगलं नसेल. इतकी वर्षं मला ते ठरवता आलं नाही."

मला तो अंगठा दिसला. चादरीवर पुढे सरकणारा, वर उचलणारा. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. म्हणावं, नाही उमगलं, दिगू. त्यांना वाटलं तू दयेने खोटं बोललास. ते मरेपर्यंत चाकू उघडत राहिले. अंग लुळं पडलं तरी उघडत होते. त्याला हे ऐकवायला मी मोकळी होते. मला ऐकवावंसंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्याला लागावं असं वाटत होतं.

"एवढंच सांगा," तो म्हणाला. "निदान चाकू उघडला होता, एवढ्यावर तरी सरांचा विश्वास बसला होता ना? त्यांनी दिलेला चाकू चांगला होता, हे तरी त्यांना कळलं होतं ना?"

त्याची मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. "बाबा, आई निघू या म्हणते."

"हो," मी म्हणाले. "तेवढं कळलं होतं त्यांना. एसटीत मला म्हणाले होते, दिगू खरं बोलला म्हणून."

त्याने डोळे मिटले. छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की त्याची मुलगी घाबरून त्याला बिलगली. मग तो माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले.

ते गेल्यावर मी आत आले. आई भिंतीला टेकून बसली होती. स्वच्छ पांढरं पातळ तिला कोणीतरी नेसवलं होतं आणि त्यात ती लहानशी दिसत होती.

"काय बोलत होता गं दिगू एवढा वेळ?"

"अण्णांच्या आठवणी काढत होता."

"आणि सुहासच्या?"

"सुहासच्याही."

 "मी त्याला कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या वडलांनी विचारू दिलं नाही. शेवटच्या घटकेला सुहासला फार त्रास झाला का गं? काही कळत होतं का त्याला?"

मी तिच्याजवळ बसले. तिच्या पदराची गुंडाळी सारखी केली.

"नाही, आई," मी म्हणाले. "दिगू पोचला तेव्हा त्याची शुद्ध गेली होती. त्याला काही कळलं नाही."

"बरं झालं," आई म्हणाली. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "बरं झालं गं," आणि तिने मांडीवरचे दोन्ही हात उघडे ठेवून भिंतीला डोकं टेकलं. तिला तिथंच झोप लागली. अण्णा आजारी पडल्यापासून ती अशी झोपली नव्हती. मी दिवेलागणीपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले. ती जागी होईल म्हणून हलले नाही.